पाडव्याची गुढी... नखांवर!

पाडवा चार दिवसांवर आला की घरोघरी एकच धांदल उडते. जाळीजळमटं काढायची, गुढीचा तांब्या चिंचेनं लख्ख घासायचा, शिंप्याकडे अडकलेला ब्लाऊज एकदाचा आणायचा. यात स्वतःच्या हातांकडे बघायला वेळ कुणाला? आणि कुणी म्हटलंच, 'अगं, नखं तरी रंगव जरा', तर उत्तर ठरलेलं, 'छे गं! कणीक मळायची, भांडी घासायची. लांब नखं ठेवून कसं चालेल?'

मैत्रिणींनो, इथंच आपली गल्लत होते. नेल आर्ट म्हणजे लांबलचक नखं, हा समज टीव्हीवरच्या बायकांनी करून दिलाय. सणाच्या दिवशी जिला ओट्यापाशी उभं राहायचंय, तिची नखं आखूड आणि गोलसरच बरी. आणि कलेचं म्हणाल, तर दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला ती नव्यानं काय शिकवायची? नखावर तरी दुसरं काय असतं? एक ठिपका, तो ओढून केलेली पाकळी आणि एखादी रेघ.

पण रंगवायचं कधी, हे मात्र शिकावं लागतं. माझंच सांगते. एका वर्षी हौसेनं पाडव्याच्या सकाळीच बसले. बोट लावून पाहिलं तर नखं वाळलेली वाटली, म्हणून पुरणपोळीची कणीक तिंबायला घेतली. पाच मिनिटांत अंगठ्यावरचा हिरवा रंग कणकेत! सगळा गोळा टाकून द्यावा लागला. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

नंतर कारण कळलं. नेलपॉलिशमधला पातळ द्रव उडून जातो आणि मागे रंगाचा पापुद्रा उरतो. वरून दहा-पंधरा मिनिटांत कोरडं वाटतं, आतून मात्र मऊच असतं. थर जितका जाड, तितका वाळायला वेळ जास्त. म्हणून आदल्या संध्याकाळी, भांडीकुंडी आवरून झाल्यावर बसायचं आणि झोपण्याआधी दोन तास तरी हातात ठेवायचे. नाहीतर सकाळी नखांवर चादरीची वीण उमटलेली दिसते. रंगवल्यावर पाण्यात हात घालायचा नाही. त्या रात्रीचा चहाचा कप घरातल्या दुसऱ्या कुणी विसळला तर बिघडत नाही!

आता कामाला लागू. आधी जुना रंग काढा. रिमूव्हर लगेच पेट घेतो, तेव्हा गॅस आणि देवापुढच्या निरांजनापासून लांब, खिडकीशी बसा. नखांवर तेल, क्रीम राहू देऊ नका, रंग धरत नाही. नखाच्या कडेच्या कातडीला मात्र थोडं व्हॅसलीन लावा, म्हणजे बाहेर गेलेला रंग सहज पुसता येतो. मग बेस कोट. तो टाळला तर गडद रंगानं नखं पिवळी पडतात. त्यावर रंगाचे दोन पातळ हात. बाटली गदागदा हलवू नका, बुडबुडे येतात. दोन्ही तळव्यांत धरून घोळवा. रंग शक्यतो गडद घ्या, पैठणीचा हिरवा, जांभळा किंवा राणी. पांढऱ्या-गुलाबी नखांना पुरणातली हळद लागली की सगळी मजा जाते.

नक्षीसाठी बाजारातून काही आणायला नको. केसांच्या आकड्याचं गोल टोक आणि एक टूथपिक पुरे. रंगाचा थेंब जुन्या कार्डावर काढून घ्या. आकड्यानं पांढरे ठिपके ओळीनं दिले की झाली साखरेची गाठी. पोपटी ठिपका देऊन तो ओला असतानाच टूथपिकनं टोकाकडे ओढला की कडुनिंबाचं पान. अशी चार-पाच पानं एका रेघेला दोन्ही बाजूंनी काढली की डहाळीच! साडीचा काठ हवा असेल तर सेलोटेपची पट्टी आधी हाताच्या पाठीवर लावून तिचा चिकटपणा कमी करा. मगच ती पूर्ण वाळलेल्या नखावर चिकटवा, खाली सोनेरी पट्टा ओढा आणि टेप लगेच काढा. अख्खी गुढी काढायला जागा फक्त अंगठ्यावर. एक सोनेरी रेघ, तिच्याभोवती खणाचा त्रिकोण, टोकाला तांब्याचा ठिपका.

सगळ्या नखांवर गर्दी करू नका. अनामिकेवर नक्षी आणि बाकीची साधी, हेच उठून दिसतं. उजव्या हाताला डाव्यानं रंगवताना सगळ्यांचाच हात थरथरतो, तिथं नुसते ठिपके ठेवा. शेवटी टॉप कोट, नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवा. टिकल्या आणि खडे मात्र स्वयंपाक करणारीनं चिकटवू नयेत, ते कधी पुरणात पडतील सांगता येत नाही.

हल्ली दिव्याखाली वाळवायचे जेलचे संचही घरपोच मिळतात. माझं मत विचाराल तर घरी त्याच्या वाटेला जाऊ नका. न वाळलेलं जेल कातडीला लागत राहिलं तर काहींना त्याची ॲलर्जी होते, आणि ती पुढे आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. आपली साधी बाटली बरी.

हा रंग आठवडाभर टिकेल, पण चैत्रगौरीची हळदीकुंकवं अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतात. तेव्हा पुढच्या खेपेला चैत्रांगणातली चिन्हं घ्या. चंद्र, सूर्य, कमळ, स्वस्तिक... गोपद्म तर चार ठिपक्यांत होतं. मागच्या चैत्रात मी हे काढत बसले होते. सासूबाई चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. मग डाळीसाठी कैरी किसायची बाजूला ठेवून, हात पुसून त्यांनी अंगठा पुढे केला. म्हणाल्या, 'एकच काढ. आणि ठिपके नीट सरळ रेषेत दे, मागच्या वेळी दारातले तुझे वाकडे होते.'