सोलापूरची सुंदरी

सुंदरी हे सनईच्या कुळातले सुषिर वाद्य. लांबीने सनईपेक्षा बरेच आखूड, त्यामुळे तिचा स्वर उंच, टोकदार आणि गोड लागतो. सोलापूरच्या जाधव घराण्याने हे वाद्य शास्त्रीय मैफिलीत नेले. घराण्याचा संबंध अक्कलकोट संस्थानाच्या दरबाराशी जोडला जातो. सिद्धराम जाधव, चिदानंद जाधव आणि आजच्या पिढीतले भीमण्णा जाधव ही त्यातली ठळक नावे.

वाजवायला सुंदरी सोपी नाही. तोंडाशी दुहेरी पत्ती असते. ती ओठांत किती दाबायची, यावरच सूर टिकतो किंवा घसरतो. छिद्रे जवळजवळ, बोटे मात्र नेहमीच्या आकाराची! मींड घेताना छिद्र एकदम न उघडता बोट हळूहळू सरकवावे लागते आणि त्याच वेळी फुंकही सांभाळावी लागते. आलाप लांबवायचा, तर गालात हवा साठवून नाकाने श्वास घेण्याची हातोटी हवी. एवढ्याशा नळीतून ख्यालाचा विस्तार करणे ही खरी कमाल.

सुंदरी जशी मैफिलीत पोहोचली, काहीसा तसाच प्रवास पाश्चात्त्य संगीतात कॉर्नेटचा झाला. बँडमधल्या या पितळी वाद्याला एकल वादनाची प्रतिष्ठा देण्यात फ्रान्सच्या झाँ-बाप्तीस्त आर्बाँचा मोठा वाटा होता. 1864 मध्ये निघालेले त्यांचे शिक्षणपुस्तक ट्रंपेट शिकणारेही आजपर्यंत वापरतात. सुंदरीची विद्या मात्र मुख्यतः घरातच, वडिलांकडून मुलाकडे गेली.