तहानंतरच्या तोफा

नाशिकच्या माणसाने जहाजांच्या मागे लागावे, याचे लोकांना हसू येते. आमच्याकडे पाणी मोजायचे ते दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून: गुडघ्यापर्यंत आले, कमरेपर्यंत आले. तरीही गेली काही वर्षे मी एका अमेरिकन आरमारी अधिकाऱ्याच्या चरित्रात अडकलो आहे. कारण त्या चरित्रातला एक दिवस मुंबईचा आहे, आणि चरित्रकार नेमका तोच दिवस घाईघाईने ओलांडतात.

अधिकाऱ्याचे नाव लुईस वॉरिंग्टन. जन्म १७८२ चा, व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गचा. आई अविवाहित होती, आणि बाप म्हणून अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या अखेरीस त्या गावी तळ देऊन असलेल्या फ्रेंच सेनेतील एका सरदारपुत्राचे नाव घेतले जाते. पोराने आईचे आडनाव लावले. १८०० साली तो आरमारात मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी झाला, आणि पुढे त्रिपोलीच्या मोहिमेत होता. १८१२ साली इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटले. १८१४ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यापुढे त्याच्या 'पीकॉक' या जहाजाने 'एपर्व्हिअर' हे इंग्रजी ब्रिग पकडले. त्यावर सुमारे १ लाख १८ हजार डॉलरची रोकड होती. काँग्रेसने सुवर्णपदक दिले. त्याचा लौकिक उभा राहिला तो या विजयावर.

२४ डिसेंबर १८१४ रोजी गेंट येथे तह झाला. १७ फेब्रुवारी १८१५ रोजी त्यावर दोन्हीकडून शिक्कामोर्तब झाले. तेव्हा तारयंत्र नव्हते. म्हणून तहाच्या दुसऱ्या कलमात समुद्रांची वाटणी करून मुदती घातल्या होत्या: अमेरिकेच्या किनाऱ्यालगत १२ दिवस, आफ्रिकेच्या टोकापलीकडे विषुववृत्ताच्या दक्षिणेला ९० दिवस, आणि जगात उरेल तिथे १२० दिवस. मुदत संपल्यावर पकडलेले जहाज परत करायचे. हिशेब मांडला तर ९० दिवस १८ मे रोजी भरतात आणि १२० दिवस १७ जूनला. या दोन तारखा वाचकाने ध्यानात ठेवाव्यात, सगळा वाद त्यांच्याभोवती आहे.

तहावर शिक्का बसण्याआधीच, जानेवारीत, 'पीकॉक' न्यूयॉर्कची नाकेबंदी चुकवून पूर्वेकडे निघाले होते. वाटेत, एप्रिलच्या अखेरीस, ते आणि सोबतचे 'हॉर्नेट' एका मोठ्या जहाजाला व्यापारी समजून त्याच्या मागे लागले. जवळ गेल्यावर कळले, की ते ७४ तोफांचे इंग्रजी लढाऊ जहाज 'कॉर्नवॉलिस' आहे. 'पीकॉक' वेगाने निसटले. 'हॉर्नेट'ला तोफासुद्धा समुद्रात फेकून जीव वाचवावा लागला. आता हे 'कॉर्नवॉलिस' कुठले? मुंबई गोदीतले. जमशेटजी बोमनजी वाडियांनी ते १८१३ साली सागवानात बांधले होते. वॉरिंग्टनची मुंबईशी पहिली गाठ पडली ती अशी.

दुसरी गाठ सुंदा सामुद्रधुनीत पडली. जावा तेव्हा इंग्रजांकडे होते, रॅफल्सच्या कारभाराखाली. वॉरिंग्टनने तिथे तीन व्यापारी जहाजे पकडली, आणि ३० जून १८१५ रोजी अंजेरच्या किल्ल्यासमोर त्याला 'नॉटिलस' भेटले. हे कंपनीच्या बॉम्बे मरीनचे छोटे ब्रिग, १४ तोफांचे. सरकारी खलिते घेऊन बंगालकडे निघालेले. कप्तान लेफ्टनंट चार्ल्स बॉइस. 'नॉटिलस'च्या मोठ्या तोफा १८ पौंडी, 'पीकॉक'च्या ३२ पौंडी. एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम डागल्या, तर एकीकडून पडणारे लोखंड दुसरीकडच्या तिप्पट भरते. ही झुंज होऊच नये अशी होती.

आणि झुंजीचे कारणही उरले नव्हते. तहाची बातमी जाव्यात आली होती. अंजेर बंदराचा अधिकारी मॅकग्रेगर आणि 'नॉटिलस'वरचा एक अधिकारी होड्यांतून 'पीकॉक'वर गेले आणि तह झाल्याचे त्यांनी सांगितले. त्यांना जहाजाच्या पोटात खाली धाडण्यात आले. जहाजे हाकेच्या अंतरावर आली तेव्हा बॉइसनेही तहाची गोष्ट काढली. वॉरिंग्टनचे उत्तर एकच: निशाण उतरव. बॉइसने नकार दिला आणि तोफा सुरू झाल्या. बॉइसला आधी छर्रा लागला, मग गोळ्याने गुडघा फुटला. पुढे पाय कापावा लागला. त्याचा दुय्यम मेस्टन जखमी झाला आणि त्याच जखमेने पुढे मेला. थोड्याच वेळात निशाण उतरले. दुसऱ्या दिवशी कागदपत्रे पाहून वॉरिंग्टनने ब्रिग सोडून दिले.

त्याचे म्हणणे असे, की किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाला जायला वेळ मिळावा म्हणून शत्रू तहाची थाप मारतो आहे, असे त्याला वाटले. युद्धात अशा थापा मारल्या जात, हे खरे. मी बराच काळ त्याची बाजू घेत असे. पण थाप असेल तर ती मारणारे लोक त्याच्याच जहाजावर, त्याच्याच ताब्यात होते. त्यांना पाच मिनिटे नीट विचारायला काय हरकत होती? तेवढ्यात ब्रिग किल्ल्याखाली गेले असते तरी 'पीकॉक'सारख्या जहाजाचे काय बिघडत होते? बोस्टनला चौकशी बसली आणि तो निर्दोष सुटला. मला तो निकाल पटत नाही.

खरा अडकलो मी मृतांच्या यादीशी. वॉरिंग्टनने आपल्या सरकारला कळवले, की 'नॉटिलस'चे सहा लॅस्कर मेले. इंग्रज इतिहासकार विल्यम जेम्स मृतांचा आकडा सहाच देतो, पण फोड वेगळी करतो: एक गोरा खलाशी, दोन आजारी गोरे सैनिक आणि तीन लॅस्कर. जेम्स अमेरिकनांवर कायम दात धरून लिहितो. १८८२ साली थिओडोर रूझवेल्टने, हो, पुढे अध्यक्ष झालेल्याच, आपल्या नाविक इतिहासात त्याची ठिकठिकाणी झाडाझडती घेतली आहे. पण इथे मी जेम्सकडे झुकतो. सहाही लॅस्कर असे लिहिले की वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या माणसाला प्रकरण हलके वाटते. फोड केली की तसे वाटत नाही.

लॅस्कर हा शब्द फार्सी 'लश्कर'वरून इंग्रजांच्या तोंडी बसला. अर्थ आपला खलाशी. त्यांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखालचा तांडेल. हे दोन्ही शब्द इंग्रजांनी जसेच्या तसे उचलले. मुंबईच्या जहाजांवर ही माणसे रत्नागिरीकडच्या खाड्यांतून, घोघ्याहून, कच्छहून येत. बॉइसचा पाय कुठे तुटला, गोळा केवढा होता, हे सगळे लिहून ठेवलेले आहे. खलाशी मात्र नुसते आकड्यात आहेत, 'तीन' किंवा 'सहा'. पुढे वीसच दिवसांनी पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला आणि त्र्यंबकजी डेंगळ्यांवर आळ आला. आपल्या इतिहासाचे सगळे लक्ष तिकडे गेले. जाव्याजवळ मेलेल्या खलाशांकडे पाहायला आपल्याकडेही कोणी रिकामे नव्हते.

वॉरिंग्टनची कारकीर्द पुढे सुरळीत चालली. नॉरफोकची गोदी, वेस्ट इंडीजचा ताफा, मग आरमाराच्या कारभारी मंडळावर नेमणूक. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी 'प्रिन्स्टन' जहाजावर तोफ फुटून आरमारमंत्री गिल्मर ठार झाले, तेव्हा काही आठवडे तो खात्याचा हंगामी मंत्री होता. १८५१ साली वारला तेव्हा तोफखात्याचा प्रमुख होता. अमेरिकेने त्याचे नाव एकामागून एक तीन विनाशिकांना दिले.

'पीकॉक'ची कथा मात्र मुंबईत येऊन थांबते. जुने जहाज मोडून न्यूयॉर्कमध्येच त्याच नावाचे दुसरे बांधले, ते १८२८ साली पाण्यात उतरले. १८३५ च्या सप्टेंबरात, मस्कतच्या सुलतानाशी झालेल्या कराराचे कागद घेऊन निघालेले हे नवे 'पीकॉक' ओमानच्या मसिरा बेटाजवळ खडकावर चढले. तोफा समुद्रात टाकून ते कसेबसे सुटले, मस्कतला गेले आणि तिथून दुरुस्तीला मुंबईत आले. जहाजाचे डॉक्टर रुशेनबर्गर यांनी या सफरीवर पुस्तक लिहिले, त्यात मुंबईवर मजकूर आहे. ज्या बॉम्बे मरीनच्या ब्रिगवर 'पीकॉक'ने तहानंतर तोफा डागल्या होत्या, तिच्याच बंदरातल्या गोदीत, वीस वर्षांनी, त्या नावाच्या जहाजाचा तळ मुंबईच्या सुतारांनी नीट केला.