आठ मिनिटे आणि एक टेलिफोन

२०२५ च्या मे महिन्यातला तो आठवडा आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षात असेल. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसे मारली गेली. त्यांत सहा जण आपल्या महाराष्ट्रातले. ७ मेच्या पहाटे भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू केले आणि पुढचे चार दिवस आम्ही इकडे फोन हातात धरूनच काढले. माझी मावसबहीण जालंधरला असते. तिकडे रात्री दिवे घालवून बसायचे हुकूम होते. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे सहकारी लाहोरचे. त्यांची वृद्ध आई तिथे एकटी. नऊ वर्षे आम्ही दुपारचा डबा एकत्र खातो, क्रिकेटवरून तावातावाने भांडतो. त्या आठवड्यात मात्र दोघेही मुकाट्याने जेवत होतो. शुक्रवारी त्यांनी एकदम विचारले, “तुम्ही कंट्रोल सिस्टिममध्ये डॉक्टरेट केलीत ना? मग सांगा, हे थांबवायची सोय या यंत्रणेत कुठे असते?”

मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी, १० मेला, बातमी आली. भारतीय वेळेनुसार दुपारी ३.३५ ला पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी भारताच्या महासंचालकांना फोन केला आणि संध्याकाळी ५ पासून गोळीबार थांबवण्याचे ठरले. यामागे कोणाचे श्रेय किती यावर नंतर बरेच वाद झाले. ते बाजूला ठेवू. माझे लक्ष गेले ते त्या टेलिफोनकडे.

इथे एक जुना अनुभव सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कारखान्याच्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरचे काम माझ्याकडे होते. एका रात्री दोन वाजता पडद्यावर अकरा टाक्यांचे तापमान एकदम धोक्याच्या वर गेलेले दिसले. मी सगळा कारखाना बंद करायला निघालो होतो. वरिष्ठांना फोन केला, तर ते शांतपणे म्हणाले, “अकरा टाक्या एकाच सेकंदाला कशा तापतील? आधी कुणाला तरी जाऊन बघायला सांग.” टाक्या थंड होत्या. बिघडले होते ते माप पाठवणारे एक कार्ड. मी वाचलो, कारण माझ्याकडे वीस मिनिटे होती आणि पलीकडे फोन उचलणारा माणूस होता.

अण्वस्त्रांच्या इतिहासात अशा रात्री खऱ्याखुऱ्या आल्या आहेत. ९ नोव्हेंबर १९७९ ला सरावासाठी तयार केलेली हल्ल्याची माहिती अमेरिकेच्या इशारा यंत्रणेत खरी म्हणून झळकली. ३ जून १९८० ला पुन्हा तोच प्रकार. कारण निघाले ४६ सेंटची एक बिघडलेली चिप. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत उपग्रहाने अमेरिकेहून पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचे कळवले. ड्यूटीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी विचार केला, की युद्ध सुरू करणारा फक्त पाच क्षेपणास्त्रे कशाला सोडेल? जमिनीवरच्या रडारवरही काही दिसत नव्हते. त्यांनी तो इशारा खोटा असल्याचे वर कळवले, आणि ते बरोबर ठरले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रहाला फसवले होते.

या प्रत्येक वेळी जगाला वाचवले ते थोडे माणसांनी आणि थोडे भूगोलाने. अमेरिका आणि रशियाच्या भूमीवरून एकमेकांवर सोडलेल्या क्षेपणास्त्राला पोचायला सुमारे अर्धा तास लागतो. तेवढ्यात ‘जाऊन बघायला’ जमते. अमृतसर आणि लाहोर यांच्यात अंतर आहे जेमतेम ५० किलोमीटरचे. काही शे किलोमीटरवर मारा करणारे क्षेपणास्त्र आठ-दहा मिनिटांत पोचते, जवळचे त्याहूनही लवकर. कितीही महाग रडार आणा, ही मिनिटे वाढत नाहीत. शेजाऱ्यांमधल्या वैराची खरी अडचण इथे आहे.

वेळ वाढवता येत नसेल, तर शंकेच्या जागा आधीच कमी करून ठेवाव्या लागतात. हा धडा १९८६-८७ च्या हिवाळ्यात मिळाला. जनरल सुंदरजी यांच्या कारकिर्दीत राजस्थानात ‘ब्रासटॅक्स’ हा प्रचंड लष्करी सराव झाला. हा सराव आहे की चढाईची तयारी, हे पाकिस्तानला कळेना. त्यांनी आपले राखीव चिलखती दळ हलवले; ते पाहून भारताने सैन्य सीमेवर आणले. जानेवारी १९८७ मध्ये दोन्ही देश कोणालाही नको असलेल्या युद्धाच्या तोंडाशी उभे होते. परराष्ट्र सचिव बोलणी करायला बसले आणि प्रकरण निवळले.

त्यानंतर काही साधे, रुक्ष करार झाले. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि दर १ जानेवारीला आपल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना द्यायची. पहिली यादी १९९२ मध्ये दिली गेली. २०२५ ची चौतिसावी. १९९९ चे कारगिल, २००८ ची मुंबई, २०१९ चे बालाकोट, यांतल्या एकाही वर्षानंतर हा क्रम तुटला नाही. १९९१ मध्ये मोठ्या सरावांची आगाऊ सूचना देण्याचे आणि लढाऊ विमाने एकमेकांच्या हद्दीपासून १० किलोमीटर दूर ठेवण्याचे ठरले. २००५ मध्ये बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची सूचना किमान तीन दिवस आधी देण्याचा करार झाला. लष्करी महासंचालकांमधली हॉटलाइन तर १९७१ च्या युद्धानंतरची.

आपल्या मंडळात मी हे बोललो, की कोणीतरी हमखास विचारते, “पण पाकिस्तानवर विश्वास कसा ठेवायचा?” उत्तर असे, की ठेवायचा नाही. या करारांना विश्वास लागतच नाही. दहशतवादाला जे उत्तर द्यायचे ते देश देईलच. पण आपण दिलेले उत्तर समोरच्याला नेमके तेवढेच दिसावे, त्याहून मोठे काही भासू नये, यात आपलाच स्वार्थ आहे. रस्त्यावर समोरून येणाऱ्या ड्रायव्हरवर आपला विश्वास असतो म्हणून आपण सिग्नल पाळत नाही.

मात्र टेलिफोन असून भागत नाही, तो वापरावा लागतो. ९ मार्च २०२२ ला भारताकडून एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि सीमेपलीकडे १२४ किलोमीटरवर मियाँ चन्नूजवळ पडले. पाकिस्तानच्या हद्दीत ते चार मिनिटांहूनही कमी वेळ होते. त्यावर स्फोटके नव्हती, जीवितहानी झाली नाही, हे सुदैव. पण भारताचे जाहीर निवेदन आले ते ११ मार्चला, म्हणजे दोन दिवसांनी. पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले गेले. शिक्षा झाली हे ठीक; पण “आमची चूक झाली, ते निःशस्त्र आहे” एवढा निरोप पहिल्या मिनिटाला जाणे जास्त गरजेचे होते. उलट दिशेने असे क्षेपणास्त्र आपल्या पंजाबात येऊन पडले असते, तर आपण दोन दिवस थांबलो असतो का?

शिवाय ते होते क्रूझ जातीचे. २००५ चा करार फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. आणि मे २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी ड्रोन उडाले, तेव्हा तर १९९१ च्या नियमांचे वयच उघडे पडले. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचे, तर यंत्र नवे बसवले आणि त्याची सुरक्षा तपासणी जुनीच राहिली. हे करार क्रूझ क्षेपणास्त्रे आणि ड्रोनपर्यंत वाढवणे, आणि अपघात झाल्यास काही मिनिटांत कळवण्याचे बंधन दोघांनी लिहून घेणे, ही दोन कामे मैत्रीची वाट न बघता करता येण्याजोगी आहेत.

सोमवारी डबा उघडताना सहकाऱ्यांना मी एवढेच सांगितले, की सोय असते, पण ती फार बारीक आहे. ते म्हणाले, आई रात्री झोपली. मी जालंधरचे सांगितले. मग जेवलो.