लसीकाग्रंथी, सेरोटोनिन आणि श्लीपद

लसीकाग्रंथीच्या आवरणातील अरेखित स्नायूंच्या आकुंचनाने लस पुढे सरकण्यास साहाय्य होते. सेरोटोनिनचा परिणाम मात्र स्नायूवरील ग्राहींनुसार पालटतो: गायीच्या लसीकावाहिन्या त्याने आकुंचन पावतात, तर गिनीपिगच्या आंत्रबंधातील वाहिन्यांचे आकुंचन मंदावते.

नागपूर-गडचिरोली परिसरातील वैद्यांस श्लीपदाचे रुग्ण परिचित आहेत. सर्पगंधेतील रिसर्पिन शरीरातील सेरोटोनिनचा साठा घटविते; तेवढ्यावरून सर्पगंधा श्लीपदावर गुणकारी मानणे आम्हांस युक्त वाटत नाही. उलट रक्तदाब उतरण्याचा व विषादाचा धोका संभवतो. सबब पायावर सूज दिसताच हत्तीरोगाची तपासणी करवावी, पायाची स्वच्छता रुग्णास शिकवावी आणि औषधालयांनी चिठ्ठीविना सर्पगंधा देऊ नये, अशी आमची विनंती आहे.