हरणाऱ्याचा आकडा

दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या चालू असतात, तेव्हा दंगलीत पैशावरून कोणी भांडत नाही. पंच दोन पोरांना शेजारी उभं करतो, खांद्याला खांदा लावून उंची बघतो, दंड चाचपतो आणि गर्दीकडे तोंड करून विचारतो, "जोड बरोबर हाय का?" गर्दी हो म्हणाली की जोड लागली. पन्नासाची कुस्ती असेल तर पन्नास, शंभराची असेल तर शंभर. जिंकलेल्याच्या हातात मातीतच नोट पडते. हरलेलं पोरगं नाक पुसत बाहेर येतं, तेव्हा गर्दीतला कोणी मामा त्याच्याही हातावर वीस रुपये ठेवतो. "लढला बे चांगला!" एवढं बोलून व्यवहार मिटतो.

अडतं ते शेवटच्या जोडीला.

गडचांदूर, आवारपूर, उपरवाही अशी सिमेंट कारखान्यांची रांग असलेला हा कोरपना तालुक्याचा पट्टा. एका बाजूला माणिकगडचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कापूस-तुरीची काळी शेतं, आणि थोडं पुढे गेलं की तेलंगणाची हद्द. दिवाळीनंतर कापसाचा पहिला पैसा हाती येऊ लागला की इथल्या गावांत दंगलीची बोलणी सुरू होतात. पैलवान वणी-यवतमाळकडून येतात, तसेच सीमेपलीकडून आदिलाबाद-आसिफाबादकडूनही. अशाच एका गावच्या दंगलीत वर्गणीची पावती पुस्तकं आणि हिशेबाची वही माझ्याकडे आली. त्यामुळे संध्याकाळची कुस्ती मी आखाड्याच्या कडेवरून न बघता शाळेच्या व्हरांड्यातून बघितली. पण खरी झटापट व्हरांड्यातच झाली.

पाम्प्लेटवर शेवटच्या कुस्तीचं इनाम छापलं होतं २१,००० रुपये. त्याच्या खाली दोन पैलवानांचे फोटो, आणि त्याहून मोठा फोटो इनाम देणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याचा. हा आकडा नेमका कोणाचा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळा जिंकणाऱ्याचा? की दोघांत वाटायचा? कुस्ती बरोबरीत सुटली तर? छापताना हे प्रश्न कोणाला पडत नाहीत. पडतात ते दिवस कलल्यावर, पैलवान लंगोट कसायच्या आधी.

वणीकडचा पैलवान नावाजलेला होता. बोलत होते त्याचे वस्ताद. तो स्वतः भिंतीला टेकून, टॉवेल खांद्यावर टाकून बसला होता. वस्तादांचं म्हणणं सरळ होतं. "पब्लिक याच्या नावावर आलं. जिंको का हारो, पंधरा याचे. बाकीचे तुमचे तुम्ही पाहा." आदिलाबादकडचा गडी विशीतला. त्याच्यासोबत आलेल्या मोठ्या भावाने हिंदी-मराठीच्या मिसळीत सांगितलं की जो जिंकेल त्यानेच मोठा वाटा न्यावा. हरणाऱ्याला गाडीभाडं आणि पाच हजार बस. दंगल भरवणाऱ्या कमिटीतले तरुण तिसरंच बोलत होते. बरोबरी झाली तर कोणालाच काही नाही, असं त्यांचं म्हणणं.

ऐकताना वाटत होतं की तिघंही हावरट आहेत. पण वहीत तिघांचे आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा लक्षात आलं की जिंकणाऱ्याच्या वाट्याबद्दल वाद फारसा नव्हताच. भांडण होतं ते हरण्याच्या किमतीवर. नावाजलेल्या पैलवानाचं भांडवल म्हणजे न हरल्याची कीर्ती. अनोळखी पोराकडून पाठ टेकली तर पुढच्या चार गावांत त्याचा दर पडतो. म्हणून तो पडण्याचा मोबदला आधीच मागतो. नव्या पोराला गमवायला काहीच नसतं, म्हणून तो सगळं डावावर लावायला तयार. आणि कमिटीला भीती वेगळीच. हरणाऱ्यालाही चांगले पैसे मिळणार असतील, बरोबरीलाही मिळणार असतील, तर दोघं नुसते एकमेकांचे हात धरून फिरतील आणि गर्दीतून "नुरा! नुरा!" असा, म्हणजे कुस्ती ठरवून केलेली आहे असा, आरडाओरडा उठेल. हरणाऱ्याला काहीच दिलं नाही तर कुस्ती लागत नाही. फार दिलं तर कुस्ती होत नाही. या दोन टोकांच्या मधला आकडा शोधणं, हेच व्हरांड्यातलं काम.

जगातल्या महागड्या लढतींमध्ये हेवीवेट मुष्टियुद्धाच्या लढती येतात. त्याही याच आकड्यावर अडतात. फक्त शून्यं वाढतात. २०१८ साली अँथनी जोशुआ आणि डिओंटे वाइल्डर या दोन विजेत्यांची लढत होणार असं सगळे धरून चालले होते. जोशुआच्या बाजूने वाइल्डरला ठोक रक्कम देऊ केली, वाइल्डरच्या बाजूने उलट जोशुआला ५ कोटी डॉलर देऊ केले. बोलणी फिसकटली आणि ती लढत तेव्हा झालीच नाही. २०२३ मध्ये टायसन फ्युरीने ओलेक्सांद्र युसिकपुढे ७०-३० ची अट टाकली. युसिकने ३० टक्के कबूल केले. फ्युरीने युक्रेनला १० लाख पौंड द्यावेत, एवढंच त्याचं मागणं. म्हणजे वाट्याचा प्रश्न सुटला होता. तरीही मार्चमध्ये सगळं मोडलं, कारण हरणाऱ्याला पुन्हा लढायची संधी कोणत्या अटींवर मिळणार, हे ठरेना. परतीची लढत म्हणजे हरणाऱ्याचा विमाच. शेवटी सौदी अरेबियाचा पैसा आला, तेव्हा दोन लढती जुळल्या. मे २०२४ मध्ये रियाधला युसिक जिंकला, आणि डिसेंबरमध्ये परतीची लढतही त्यानेच जिंकली.

उलटं उदाहरण १९७१ चं. मोहम्मद अली आणि जो फ्रेझर, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, ८ मार्च. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर, जिंकलात तरी तेवढेच, हरलात तरी तेवढेच. आमच्या कमिटीच्या हिशेबाने ही लढत नुरा व्हायला हवी होती. झाली मात्र पंधरा फेऱ्यांची आणि जिवावर उदार होऊन लढलेली. कारण तोवर दोघांपैकी एकही हरलेला नव्हता. पैसे सारखे असले तरी गमवायचं ते पैशापलीकडचं होतं. गावच्या दंगलीत अशी जोड सहसा मिळत नाही.

आपल्याकडे बघायचं तर महाराष्ट्रातली मोठी कुस्ती म्हणजे महाराष्ट्र केसरी. १९६१ पासून चालत आलेली ही स्पर्धा २०२२ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याला झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला हरवलं आणि २१ वर्षांनी गदा कोल्हापूरला नेली. नंतर त्यानेच जाहीरपणे खंत सांगितली, की मिळाली ती फक्त गदा, रोख बक्षीस नाही. मग आश्वासनांचा आणि मदतीच्या घोषणांचा पूर आला. पुढच्या वर्षी जानेवारीत पुण्याला चित्र पालटलेलं होतं. जिंकलेल्या शिवराज राक्षेला थार गाडी आणि ५ लाख रुपये, उपविजेत्या महेंद्र गायकवाडला ट्रॅक्टर. उपविजेत्याचं बक्षीसही नावाने जाहीर झालं, हा त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग.

इकडे व्हरांड्यात अंधार पडत आला. बाहेर माइकवाला गर्दीला धरून ठेवत होता. कोणी शंभर जाहीर केले, कोणी पाचशे, आणि प्रत्येक नावाला डफडं वाजत होतं. माझ्या वहीत ही जाहीर झालेली रक्कम एका बाजूला आणि हाती आलेली दुसऱ्या बाजूला होती. दुसरी बाजू बरीच आखूड होती. तेवढ्यात कमिटीतले एक जुने पैलवान, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, आत आले. त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. मला विचारलं, "पैसे हायेत का पुरे?"

नव्हते. ट्रान्सपोर्टवाल्याने एकवीस जाहीर करून अकरा पाठवले होते. बाकीचे "येऊन राह्यले" असं त्याचा माणूस दुपारपासून सांगत होता. तेव्हा मला उलगडलं, की कमिटीतले तरुण बरोबरीच्या मुद्द्यावर इतका वेळ का अडून बसले होते. बरोबरीला शून्य ठरलं असतं, तर अकरा हजारांत कदाचित भागलं असतं. वाटणीच्या भांडणाचा निम्मा भाग वेळ काढण्यासाठीच होता.

गुरुजींनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि एवढंच म्हटलं, "पैसे टेबलावर आल्याबिगर जोड लागत नाही, भाऊ. माइकवर तसंच सांगू का?" थोड्या वेळाने मोटारसायकलवरून उरलेले दहा हजार आले. मग गुरुजींनी वाटणी सांगितली. जिंकणाऱ्याला तेरा, हरणाऱ्याला आठ. बरोबरीत सुटली तर दोघांना पाच-पाच, आणि उरलेले अकरा व्यायामशाळेच्या मातीला.

वस्ताद चमकले. "हारला तं आठ, अन् बरोबरीले पाच?"

"हो," गुरुजी म्हणाले. "हारायची लाज नाही. रेंगाळायची हाय."

मला ही वाटणी त्या दिवसातली सर्वांत हुशार गोष्ट वाटली. हरणाऱ्याला घरी जाताना खुराकाचे पैसे सुटत होते, म्हणून वणीकडचा माणूस लढायला तयार झाला. जिंकणाऱ्याचा वाटा पुरेसा वर होता, म्हणून नव्या पोराला झुंजायचं कारण उरलं. आणि हात धरून फिरणं सगळ्यांत तोट्याचं ठरलं. पंचांनी तिन्ही आकडे माइकवरून सांगितले. गर्दीने पहिल्यांदाच ऐकलं, की पडणाऱ्यालाही काहीतरी मिळणार आहे. कोणी हसलं नाही.

कुस्ती हॅलोजनच्या उजेडात झाली. सुरुवातीला नावाजलेला पैलवान दाबून धरत होता. मग एका क्षणी त्याने पट काढायला हात खाली नेला, पोरगं बगलेतून मागे गेलं, आणि पुढच्या काही सेकंदांत वणीकडच्या पैलवानाची पाठ मातीला लागली. गर्दी आखाड्यात घुसली, पोराला खांद्यावर घेतलं.

हरलेला पैलवान अंग पुसून टेबलाशी आला आणि त्याने आठ हजार मोजून घेतले. वस्ताद मात्र पैसे घेऊनही हलेनात. म्हणाले, "सर, वहीत लिहा, हारणाऱ्याले आठ. अन् त्या पानाचा फोटो मले पाठवा." पुढच्या गावात बोलणी करताना दाखवायला त्यांना तो कागद हवा होता. नाव पडलं तरी दराचा पुरावा उरतो, एवढाच त्यांचा हिशेब.

मी लिहून दिलं. पण हे वहीत लिहावं लागतं, कारण पाम्प्लेटवर कोणी छापत नाही. जिंकणाऱ्याचा आकडा छापायला धाडस लागत नाही. तो मोठा दिसतो, देणाऱ्याच्या फोटोखाली शोभतो, आणि ऐनवेळी वाटणीच्या वादात कमीही करता येतो. हरणाऱ्याचा आणि बरोबरीचा आकडा आधी छापला, तर पळवाट उरत नाही. सगळी रक्कम सकाळीच मोजून टेबलावर ठेवावी लागते. गावच्या दंगलीपासून रियाधपर्यंत मोठ्या लढती का अडतात याचं उत्तर पैलवानांच्या हावेत शोधायची आपल्याला सवय आहे. थोडं देणाऱ्यांच्या खिशातही शोधावं.