संवादात्मक हिंदी, मध्यम स्तर : ओळखीची वाटणारी पण फसवणारी वाक्ये

एक प्रसंग घेऊ. लखनौच्या एका रुग्णालयात मराठी कुटुंबातील कोणीतरी दाखल आहे. सकाळी डॉक्टर तपासून गेले. थोड्या वेळाने शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा मुलगा धावत येतो आणि विचारतो, 'डॉक्टर साहब आए थे क्या?' आपल्या मनात मराठी वाक्य तयार असते : 'डॉक्टर येऊन गेले.' त्याचे शब्दाला शब्द रूपांतर करून आपण सांगतो, 'हाँ, डॉक्टर आ गए.' तो मुलगा आनंदाने बाहेर डॉक्टरांना शोधायला जातो, कारण त्याने जे ऐकले त्याचा अर्थ 'डॉक्टर आले आहेत, इथेच आहेत' असा होतो. आपण सांगितले त्याच्या अगदी उलट.

या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही, आणि म्हणूनच ती ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मराठी माणसाला हिंदी लवकर येते, लिपी तीच, निम्मे शब्द तेच. पण मध्यम स्तरावर पोहोचल्यावर हीच जवळीक आड येते. या पाठात आपण अशाच काही जागा पाहू, जिथे दोन भाषा सारख्या दिसतात पण सारख्या वागत नाहीत. शाळेतील हिंदी आणि चित्रपटांतून कानावर पडलेली हिंदी तुम्हाला समजते, दैनंदिन व्यवहार करता येतो, असे येथे गृहीत धरले आहे.

संयुक्त क्रिया : 'आ गया' म्हणजे येऊन गेला नव्हे

मराठीत दोन क्रियापदे जोडताना पहिल्याला 'ऊन' लागतो : लिहून घे, लिहून दे, करून टाक. हिंदीत पहिले क्रियापद उघडे राहते : लिख लो, लिख दो, कर डालो. घे, दे आणि टाक यांच्या बाबतीत अर्थ जवळजवळ जुळतो. 'लेना' म्हणजे क्रिया स्वतःसाठी, 'देना' म्हणजे दुसऱ्यासाठी. बँकेत कोणी 'नंबर लिख लीजिए' म्हटले तर तो तुम्ही तुमच्याजवळ टिपून घ्यायचा आहे. 'नंबर लिख दीजिए' म्हटले तर अर्जावर लिहून त्यांना द्यायचा आहे. इथवर मराठी कान बरोबर मार्ग दाखवतो.

गडबड 'जाना'पाशी होते. हिंदीत 'जाना' दुसऱ्या जागी आले की ते बहुधा स्वतःचा अर्थ सोडते आणि फक्त क्रिया पूर्ण झाल्याचे किंवा स्थिती बदलल्याचे दाखवते. 'बैठ गया' म्हणजे बसला. बसून निघून गेला नव्हे. 'सो गया' म्हणजे झोपला. 'आ गया' म्हणजे आला, पोहोचला. मराठीतील 'येऊन गेला' मध्ये मात्र 'गेला' खरोखर गेलेला असतो. हा अर्थ हिंदीत सांगायचा तर 'कर' वापरून दोन्ही क्रिया वेगळ्या कराव्या लागतात : 'डॉक्टर आकर चले गए'. आणि 'डॉक्टर आए थे' हे त्याहून सोपे, कारण 'थे' मध्ये आता ते येथे नाहीत हे सहसा येऊन जाते.

मुंबईत 'लिख के ले', 'खा के ले' असे सर्रास ऐकू येते. ती मराठी 'लिहून घे'ची सरळ छाया आहे. मुंबईत ते चालते. पण प्रयागराजच्या माणसाला 'लिखकर लो' म्हणजे आधी लिहा आणि मग (काहीतरी) घ्या, असे वाटेल.

निरोप घेतानाही हेच होते. आपण 'येतो हं' म्हणून उठतो, कारण 'जातो' म्हणणे आपल्याला बरे वाटत नाही. हिंदीत 'आता हूँ' म्हणून निघालात तर यजमान तुम्ही परत येण्याची वाट पाहतील, चहाही झाकून ठेवतील. तिथे 'अच्छा, चलता हूँ' किंवा बाईंनी 'चलती हूँ' म्हणायचे.

'तुम्ही' आणि 'तुम'

नादसाम्यामुळे होणारी ही सर्वांत महाग चूक. मराठीतील 'तुम्ही' आदरार्थी आहे, हिंदीतील 'तुम' तसे नाही. 'तुम' हे बरोबरीच्यांसाठी, लहानांसाठी, जवळच्यांसाठी; म्हणजे आपल्या 'तू'च्या बऱ्याच जागा ते घेते. आपल्या 'तुम्ही'ची जागा 'आप' घेते. हिंदीतील 'तू' त्याहून खाली : देवाला, आईला काही घरांत, अगदी जिवलग मित्राला, आणि भांडणात. 'डॉक्टर साहब, तुम बताओ' म्हणणाऱ्याच्या मनात पूर्ण आदर असतो. ऐकणाऱ्याला मात्र तो माणूस उद्धट वाटतो, आणि बहुतेक वेळा कोणी ते बोलून दाखवत नाही.

आज्ञार्थाच्या पायऱ्या अशा : बैठ, बैठो, बैठिए, बैठिएगा. शेवटचे रूप अधिक अदबीचे, किंवा नंतर कधीतरी करायच्या गोष्टीसाठी : 'कल फोन कीजिएगा'. चार क्रियापदे वेगळी चालतात आणि तीच रोज लागतात : कीजिए, दीजिए, लीजिए, पीजिए. दिल्लीकडे 'आप बैठो' असे मिश्र रूप पुष्कळ ऐकू येईल. ते चालते, पण नवख्याने अनोळखी वडीलधाऱ्यांशी बोलताना 'इए' सोडू नये.

आईचा प्रश्न वेगळा आहे. मराठीत वडिलांना 'अहो बाबा' म्हणणाऱ्या घरातही आई 'तू'च असते : 'आई आली'. हिंदीत अनेक घरांत आईलाही 'आप' म्हणतात, आणि तिच्याबद्दल बोलताना क्रियापद आदरार्थी अनेकवचनात जाते : 'माँ आई हैं', 'माँ कल आईं'. तो अनुस्वार म्हणजेच आदर आहे. मित्राच्या आईबद्दल विचारताना 'आपकी माँ कैसी है?' न म्हणता 'कैसी हैं?' म्हणा. आपल्याला ते जास्तीचे वाटते. त्यांना ते नसले तर खटकते.

नात्यांचे शब्दही सांभाळा. 'ताई' म्हणजे तिकडे वडिलांच्या थोरल्या भावाची, ताऊजींची, पत्नी. तिशीतल्या शेजारणीला प्रेमाने 'ताई' म्हटलेत तर तुम्ही तिला एक पिढी म्हातारी केलीत. 'दीदी' म्हणा.

'ने' : पुरुष आणि क्रियापद

मराठीत 'ने' फक्त तृतीय पुरुषाला दिसतो : मी आंबा खाल्ला, तू आंबा खाल्लास, त्याने आंबा खाल्ला. हिंदीत तो सर्व पुरुषांना लागतो : मैंने आम खाया, तूने खाया, उसने खाया. 'मैं खाना खाया' ही चूक म्हणून आपल्या तोंडी सहज येते. ती मात्र आठवडाभर लक्ष दिले की सुटते.

अवघड आहे ते पुढचे. कोणती क्रियापदे 'ने' घेतात याची यादी दोन भाषांत वेगळी आहे. मराठीत 'तो हिंदी शिकला', 'तो पाणी प्यायला', 'तो म्हणाला', 'तो शिंकला' : कुठेही 'ने' नाही. हिंदीत या चौघांना तो हवा : उसने हिंदी सीखी, उसने पानी पिया, उसने कहा, उसने छींका. उलट 'त्याने औषध आणले' मध्ये मराठीत 'ने' आहे, पण हिंदीत 'लाना' ते घेत नाही : 'वह दवा लाया', आणि बाई असेल तर 'वह दवा लाई'. म्हणजे क्रियापद औषधाऐवजी आणणाऱ्याकडे पाहते. 'बोलना' आणि 'भूलना' मात्र दोन्हीकडे सारखे : वह बोला, वह भूल गया.

संयुक्त क्रियेत निर्णय शेवटचे क्रियापद करते. 'उसने खाना खा लिया', पण 'वह खाना खा चुका', आणि 'वह खाना नहीं खा सका'. खाणे तेच, तरीही 'ने' गेला, कारण 'चुकना' आणि 'सकना' तो घेत नाहीत.

कर्माला 'को' लागले की मराठीत क्रियापद नपुंसकलिंगी होते (मी सीतेला पाहिले), हिंदीत ते पुल्लिंगी एकवचनी राहते : मैंने सीता को देखा. 'देखी' नव्हे.

लिंग

मराठीत तीन, हिंदीत दोन. नपुंसक शब्दांचे काय होते? बरेचसे पुल्लिंगात जातात : घर, काम, पानी, टिकट. पण पुस्तक आणि किताब दोन्ही स्त्रीलिंगी, औषधाची 'दवा'ही स्त्रीलिंगी. ज्या शब्दांना मराठीत आधीच लिंग आहे आणि हिंदीत ते बदलते, ते अधिक फसवतात. आपला चहा पुल्लिंगी, त्यांची चाय स्त्रीलिंगी : 'चाय बन गई'. आवाज मोठा नाही, 'आवाज बड़ी' नाही तर 'ऊँची आवाज'. म्हणजे लिंगाबरोबर विशेषणही बदलले. विजय मिळाला, पण 'विजय मिली'. आत्मा आणि देह मराठीत पुल्लिंगी, हिंदीत दोन्ही स्त्रीलिंगी. व्यक्ती आपल्याकडे 'ती', तिकडे व्यक्ति पुल्लिंगी. आणि 'पोलीस आले' याचे 'पुलिस आई'. दही पुस्तकी व्याकरणात पुल्लिंगी आहे, पण बोलताना 'दही खट्टी है' म्हणणारे भरपूर भेटतील. तिथे वाद घालू नका.

शब्द एकटा पाठ करू नका. 'चाय' नव्हे, 'गरम चाय मिली'. 'आवाज' नव्हे, 'आवाज आई'. क्रियापदासकट लक्षात ठेवलेले लिंग विसरत नाही.

पाहिजे, चाहिए

'मी जायला पाहिजे' याचे 'मैं जाना चाहिए' होत नाही. कर्त्याला 'को' हवे : मुझे जाना चाहिए. शिवाय बंधनाच्या तीन छटा वेगळ्या ठेवा. 'मुझे जाना है' : जायचे आहे, ठरले आहे. 'मुझे जाना पड़ेगा' : इच्छा नाही, पण जावे लागेल. 'मुझे जाना चाहिए' : जाणे योग्य. आमंत्रण नाकारताना 'पड़ेगा' वापरले तर नाइलाज कळतो. 'है' वापरले तर नुसती माहिती दिल्यासारखे होते. दिल्ली-पंजाबकडे 'मैंने जाना है' ऐकलेत तर भूतकाळ समजू नका, त्याचा अर्थ 'मुझे जाना है' इतकाच.

मुळात हिंदी म्हणजे एकच बोली नाही. 2011 च्या जनगणनेतील 'हिंदी' या मोठ्या आकड्यात भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी अशा कितीतरी भाषा मोजल्या आहेत. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये एकटा माणूस स्वतःला 'हम' म्हणतो. 'हम कल आएँगे' ऐकून चार जणांचा स्वयंपाक करण्याआधी 'आप अकेले आएँगे?' असे विचारून घ्या. आपले 'आम्ही' आणि 'आपण' हे भेदही 'हम' मध्ये मिसळतात. ऐकणारा त्यात आहे की नाही हे 'हम सब' किंवा 'हम लोग' म्हणत संदर्भाने स्पष्ट करावे लागते.

सारखे शब्द, वेगळे अर्थ

शिक्षा म्हणजे शिक्षण. चेष्टा म्हणजे प्रयत्न. संशोधन म्हणजे दुरुस्ती, आपल्या संशोधनाला 'शोध' किंवा 'अनुसंधान'. आपत्ति म्हणजे हरकत. अभ्यास म्हणजे सराव, शाळेचा अभ्यास म्हणजे पढ़ाई. खाली म्हणजे रिकामे, आपल्या 'खाली'ला 'नीचे'. राग गायचा, यायचे ते गुस्सा. सही म्हणजे बरोबर. कागदावर करायची ती दस्तखत किंवा हस्ताक्षर. दाखिला म्हणजे प्रवेश, आपला दाखला म्हणजे प्रमाणपत्र. कार्यालयात शेवटचे दोन शब्द सर्वाधिक घोळ घालतात.

सरावासाठी पुढील वाक्ये मोठ्याने हिंदीत म्हणा, आधी लिहू नका : 'आजी औषध घेऊन झोपल्या.' 'प्लंबर येऊन गेला, पण नळ दुरुस्त करू शकला नाही.' 'तिने चहा आणला, मी प्यायलो नाही.' 'तुम्ही इथे सही करा आणि दाखला घेऊन जा.' दुसऱ्या वाक्यात 'ने' येत नाही, तिसऱ्यात एकदाच येतो. तुमच्या तोंडून तसे झाले का, ते पाहा.