वाढता कर्बवायू आणि गायरानाची विरसता

चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात, वायू, उदक, देश व काल या चारही भावांच्या विकृतीचे वर्णन आहे. भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करावा, असे पुनर्वसु आत्रेय तेथे अग्निवेशास सांगतात. वायूतील बदलाने भूमीचा रस कसा बदलतो, यावर मृदाशास्त्राने अलीकडे बराच प्रकाश टाकला आहे. ज्यांचे घृतकल्प गोदुग्धावर अवलंबून आहेत, अशा वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी तो विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. मातीच्या छिद्रांत हा वायू मुळातच हवेपेक्षा कितीतरी अधिक असल्याने तेथील जीवाणूंवर या वाढीचा थेट परिणाम फारसा होत नाही. परिणाम होतो तो मुळांच्या द्वारे. पानांत शर्करा अधिक तयार होते, तिचा काही अंश मुळांतून मातीत स्रवतो, त्यावर जीवाणू व बुरशी पोसतात आणि वाढताना जमिनीतील नत्र आपल्याच शरीरात अडकवून ठेवतात. गवत भरघोस दिसते, परंतु त्यातील प्रथिनांचे प्रमाण उतरू शकते. मेद वाढलेला पण धातुसारता नसलेला रुग्ण आपण नित्य पाहतो, तसेच हे.

आपल्या माळावरील कुसळी, मारवेल व दूर्वा ही कर्बवायू पानात एकवटून घेणारी गवते. त्यांना या वाढीचा विशेष लाभ नाही, असा समज होता. अमेरिकेतील मिनेसोटा येथील वीस वर्षांच्या प्रयोगाने (प्रसिद्धी २०१८) तो डळमळला. पहिली बारा वर्षे तेथे दुसऱ्या वर्गातील गवते वाढली, नंतर मात्र फासा उलटला. मातीतील नत्राच्या उपलब्धतेत झालेला बदल हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले.

भंडारा हा धानाचा जिल्हा, आणि धान या दुसऱ्या वर्गातलेच. वाढीव कर्बवायूत त्याच्या दाण्यातील प्रथिन, लोह व जस्त घटल्याचे चीन व जपानमधील प्रयोगांत आढळले आहे. गुरांच्या वाट्याला येणारे तणस तर प्रथिनांत आधीच दरिद्री. चाऱ्यात प्रथिन कमी पडले की गाईच्या पोटातील जीवाणू उपाशी राहतात, पचन मंदावते व दूध आटते. उभ्या धानात फेकली जाणारी लाखोळी (कलायखंजामुळे बदनाम असली तरी) मुळांवरील गाठींत हवेतील नत्र बांधते. स्फुरद पुरेसे असल्यास वाढीव कर्बवायूत हे कार्य जोमाने चालते. घृत खरेदी करताना शुद्धतेचा दाखला आपण मागतोच; त्या गाईला तणसाबरोबर हिरवे व द्विदल काय मिळते, हेही विचारावे.